भिंतीतलं मीठ

२०१४ च्या एप्रिलमध्ये पनवेलच्या एका दवाखान्यात एका रिक्षावाल्याने एचआयव्हीच्या गोळ्या पुढे घ्यायला नकार दिला. रक्ताच्या ताज्या तपासणीत विषाणू सापडला नव्हता. मी बातमीसाठी तिथे बसलो होतो.

डॉक्टरांनी कागदावर एक उतरती रेघ काढली. शरीरातल्या पेशींत दडून निपचित पडलेल्या विषाणूला गोळ्या मारू शकत नाहीत, तो फार हळूहळू घटतो; गोळ्या थांबवल्या की तो पुन्हा वाढतो. गणिती अंदाजाप्रमाणे तो संपायला साठाहून जास्त वर्षे लागतील, असे त्यांनी सांगितले.

"साठ वर्षं? काहीही काय, डॉक्टर! सापडत नाही, तर आहे कुठे?" रिक्षावाला म्हणाला.

त्याच्या मागे, गोळ्यांसाठीच आलेली एक म्हातारी उभी होती. हातांवर मिठाचे जुने व्रण होते. तिचे नाव मी विचारले नाही; तिथे विचारत नाहीत. तिने नखाने भिंत खरवडल्यासारखे केले आणि बोट जिभेला लावले.

"आमचं मिठागर बुजवून त्यावर घर बांधलं," ती म्हणाली. "सिमेट लावला, रंग दिला. पंधरा वर्सं झाली, अजून भिंतीतून मीठ फुटतं. दिसत नाय म्हंजे गेलं नाय, बाला."

"मग साठ वर्षं गोळ्याच खाऊ, आजी?"

"मंग? मी नाय टिकायची तवर. तू टिक."

रिक्षावाल्याने तिला पुढे जाऊ दिले. मग त्याने सही केली आणि महिन्याच्या गोळ्या घेतल्या.