मोहनच्या ट्रेलरची पूजा

मंडळी, आज आमच्या धाकट्या भावाच्या, मोहनच्या, नव्या ट्रेलरची पूजा केली. पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात अडकवून न्यायचं चाकांवरचं घरच ते! "आत ओव्हनसुद्धा आहे हो," बायको मला दोनदा म्हणाली. मी नारळ फोडला, पण आतून जळत होतो.

मोहनने ट्रेलर जोडला, पिकअपच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यायला निघाला.

"थांब, पाय खाली असतानाच जरा ओढून बघ," मी म्हणालो.

"दादा, जळताय का माझ्यावर?" तो हसला, पण त्याने ऐकलं.

लिंबू चिरडून पिकअप पुढे गेली. ट्रेलर जागेवरच! जोडणीचा खटका नीट बसलाच नव्हता. पाय वर घेऊन गाडी काढली असती, तर ट्रेलरचं पुढचं टोक सुटून पिकअपच्या हौद्यावरच आदळलं असतं.

सगळ्यांनी माझे आभार मानले. खरं सांगू? ट्रेलर मागे राहिला तेव्हा मला आधी आनंद झाला, देव नंतर आठवला. तुमचंही होतं का असं?