बाईंचा चौकशीचा फॉर्म

माणसाच्या पोटातलं काढून घ्यायची कला आमच्या शेजारच्या बाईंइतकी चामोर्शीत दुसऱ्या कोणाला साधली नसेल. एसटीत बसल्या की कंडक्टरने तिकीट देण्याआधी शेजारणीचं माहेर, गुडघेदुखी आणि धाकट्या जावेशी धरलेला अबोला त्यांना ठाऊक झालेला असे. त्यात कुचाळकी नव्हती. कोणी विचारलं नाही तर माणूस एकटा पडतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या बांबूची खेळणी इंटरनेटवर विकू लागल्या. वेबसाइट मी करून दिली. पण ऑर्डरच्या फॉर्मात नाव-पत्त्यावर त्यांचं भागेना. ‘हे पोरानंच भरावं’ अशी ओळ घालून त्यांनी खाली वाढदिवस, शाळा आणि ‘तुले कायची भीती वाटते?’ असे रकाने टाकायला लावले. तीन-चार वर्षं मुलं भरभरून लिहीत होती. बाई प्रत्येकाला खेळण्यासोबत धीराची चिठ्ठी पाठवत.

एक दिवस नागपूरच्या एका आईची मेल आली. ‘मला न विचारता माझ्या मुलीची माहिती का घेतली? अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कायदा आहे, ठाऊक आहे ना?’ मी वाचून दाखवली तसा बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन साड्या आणि बीपीच्या गोळ्या भरून त्या मला घेऊन थेट गडचिरोलीला वकिलाकडे गेल्या.

“भाऊ, मले किती दिवस आत ठेवतीन?”

“कोणी नाई ठेवत, बाई,” वकील म्हणाले. “ती माहिती कोणाले विकली? जाहिरातीसाठी देली?”

“काऊन विकू? पोरायनं मले इश्वासानं सांगितलं होतं.”

“मंग पुसून टाका. खेळणं पोचवाले लागते तेवढंच घ्या, तेही आईबापाकडून. आन् त्या ताईले तसं कळवा.”

बाहेर येताच बाईंनी बसस्टँडवर आलुबोंडे मागवले आणि सकाळपासून पहिल्यांदाच कोणाला तरी, म्हणजे त्या आलुबोंडेवाल्याला, गाव विचारलं. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच त्यांनी सांगितलेलं माफीचं पत्र मी मोबाइलवरून त्या आईला पाठवलं. बस लागायच्या आत उत्तर आलं: ‘आभारी आहे. आता मीच सांगते, ती विजांना घाबरते. चिठ्ठी पाठवलीत तर आवडेल.’ बाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

घरी आल्यावर मी सगळ्या नोंदी पुसल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाई रिकाम्या पडद्याकडे बघत राहिल्या.

“यायच्यातला एक पोरगा अंधाराले भेत होता,” त्या म्हणाल्या. “कोणता, ते आता नाई सांगता येत.” मग म्हणाल्या, “मोठा झाला असंन.”