टेपमामांनी झाकलेली बाग

ज्या माणसाने काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात, छत्तीस वर्षं काढली, त्याला पुठ्ठ्याबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये, असं टेपमामांचं स्पष्ट मत होतं. ते अगदीच चूक होतं असंही नाही. त्यांनी बांधलेलं खोकं ट्रकमधून गेलं, बोटीतून गेलं, गोदीवर पावसात पडून राहिलं, तरी आतल्या पेल्यांना कधी ओल लागली नाही. मनगटात चिकटपट्टीचं रीळ अडकवून ते दिवसभर हिंडत, म्हणून खात्यातल्या कुणीतरी त्यांना टेपमामा म्हटलं आणि ते नाव जन्माचं चिकटलं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी हे कोण बुवा म्हणून एकमेकांना विचारलं.

लग्न त्यांनी केलं नाही. का, असं विचारलं की ते सांगत, राहून गेलं. आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचे होते आणि ताई पंधराची. तिने त्यांना न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवलं, वेळप्रसंगी चार धपाटेही घातले. त्यामुळे निवृत्तीनंतर ते ताईच्या घरी मागच्या खोलीत राहायला आले, तेव्हा दोघांनाही त्यात नवल वाटलं नाही. ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. घर लहानच, पण मागे वीस पावलं लांब आणि आठ पावलं रुंद अशी बाग. तिच्यात सात गुलाब, एक लिंबू, थोडे टोमॅटो, पुदिना, आणि या सगळ्यांपेक्षा जोमाने वाढणारी हरळी.

ताई रोज सकाळी उकिडवी बसून ती हरळी उपटायची. गेल्या वर्षी तिथेच तिचा तोल गेला. मामा बाजारात गेले होते. ते येईपर्यंत पाऊण तास ती गुलाबाच्या वाफ्यात पडून होती, आणि उपटलेलं गवत मुठीत तसंच होतं. हाड मोडलं नाही हे नशीब. पण यापुढे उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि मुलगा पहिल्या गाडीने धावत आला. गुणी मुलगा, आईवर जीव. म्हणूनच त्याने ठरवलं की मागे सगळीकडे फरशी घालून टाकायची, म्हणजे तणही नको आणि वाकणंही नको. ताईने परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, तीन महिन्यांनी सुट्टी मिळेल तेव्हा गवंडी घेऊनच येतो, तोवर तणाचा बंदोबस्त झाला तर बघू.

त्या दिवशी ताई जेवली नाही. चाळीस वर्षं हातांत खेळवलेली माती फरशीखाली गाडली जाणार, हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं, आणि मामांना तिचा तो चेहरा बघवेना.

दुसऱ्याच दिवशी मामांनी रोपवाटिका गाठली. तिथला माळी जुना, कमी बोलणारा. तो म्हणाला, तणाशी मारामारी करू नका, त्याचा उजेड तोडा. खोक्यांचा पुठ्ठा अंथरा आणि वर वीतभर पालापाचोळा घाला. पुठ्ठा म्हटल्याबरोबर मामा उठलेच. माळी मागून आणखी काही सांगत होता, पण पुठ्ठ्याच्या बाबतीत आपल्याला मागून सांगण्यासारखं काय असणार, असं म्हणून ते फाटकाबाहेर पडलेसुद्धा. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आठ दिवस त्यांनी जीव तोडून काम केलं. जुन्या कारखान्यातून जाड पुठ्ठा आणला, किराणा दुकानातून खोकी आणली. कडेला कड भिडवून प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी मारली, तिच्यावर आडवी दुसरी मारली. गुलाबाच्या बुंध्याभोवती तर त्यांनी असं नेमकं कापून चिकटवलं की मुंगीनेही परवानगी मागावी. वर शाळेच्या मैदानातला पाचोळा पोत्यांनी आणून पसरला. बाग कशी नेटकी दिसू लागली. मामा तिच्याकडे कमरेवर हात ठेवून बघत उभे राहत, आणि दिवसातून चार वेळा राहत.

तीन आठवड्यांत गवताची काडी वर आली नाही. पण गुलाबांनी माना टाकल्या. पानं पिवळी पडली, टोमॅटो सुकले. मामा जास्त पाणी घालू लागले. ते पाणी पाचोळ्याखालून ओघळत पायरीपाशी येऊन साचायचं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तसा अक्षरशः प्रकार. ताई दारातल्या खुर्चीवरून हे सगळं बघत होती आणि भावाचा उत्साह मोडू नये म्हणून गप्प होती. शेवटी एका सकाळी तिला राहवलं नाही.

“अरे, तू बाग झाकलीस की बांधून ठेवलीस?” ती म्हणाली. “कुठे पाठवायचीय तिला?”

मामांनी चाकू आणला आणि एक पट्टी कापून पुठ्ठा उचलला. खाली माती कोरडी ठणठणीत, भेगाळलेली. छत्तीस वर्षं आत पाणी जाऊ न देण्याचं जे कसब त्यांनी कमावलं होतं, ते इथेही चोख उतरलं होतं. मामांना शरम वाटली. ताईची माती फरशीने जायची ती जाईल, पण त्याआधी गुलाब आपल्याच हाताने मरतील.

ते तडक माळ्याकडे गेले आणि या वेळी स्टुलावर बसून सगळं ऐकलं. माळी हसला नाही, हे त्याचे उपकार. चिकटपट्टी आणि खोक्यांच्या पिना एकूण एक काढायच्या. आधी जमीन भिजवायची, मग पुठ्ठा लोळागोळा होईस्तोवर भिजवायचा. सांध्यावर वीतभर पुठ्ठा एकमेकांवर चढवायचा. बुंध्याला काही टेकवायचं नाही, त्याच्या आसपास भिजवलेलं वर्तमानपत्र सहा-सात पदरी घालायचं, गुळगुळीत रंगीत पुरवणी मात्र बाजूला ठेवायची.

“आणि काका,” माळी म्हणाला, “पुठ्ठा कुजला पाहिजे. तो कुजला नाही, तर मातीला काय मिळणार?”

हे वाक्य मामांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. घरी येईपर्यंत ते मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते.

चिकटपट्टी सोडवायला चार दिवस लागले. आपणच मारलेली पट्टी निघता निघत नव्हती, नखं दुखू लागली, आणि ती मारणाऱ्याला मामांनी पुष्कळ शिव्या घातल्या. ताई खुर्चीत बसून टबात वर्तमानपत्रं भिजवत होती. भिजवण्याआधी प्रत्येक पान वाचायचीच. पुढाऱ्यांची भाषणं भिजायला जास्त वेळ लागतो, असं तिचं म्हणणं होतं. पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मामांनी कामाचा वेग जरा कमीच ठेवला.

तीन आठवड्यांनी गुलाबांना तांबूस पालवी फुटली. कडेकडेने हरळी डोकवायची आणि लव्हाळा तर ओला पुठ्ठा भोसकून वर यायचा. मामा ओला तुकडा आणि मूठभर पाचोळा घेऊन त्याच्या मागावरच असायचे.

ठरल्या दिवशी मुलगा आला, सोबत गवंडी. गवंड्याने जमिनीचा अंदाज घ्यायला पहार टेकवली, तर ती हातभर आत गेली. त्याने पाचोळा बाजूला सारला. खाली पुठ्ठ्याचा लगदा झाला होता, त्यात गांडुळं वळवळत होती आणि माती काळीभोर, मऊसूत. तो म्हणाला, फरशी घालायची तर ही सगळी माती आधी काढून टाकावी लागेल, नाहीतर खचेल. काढू का?

मुलाने आईकडे बघितलं. ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. त्याने वाफ्यांतून दोन फेऱ्या मारल्या, कोपरे तपासले, तण कुठे दिसेना. मग पुन्हा कधी उकिडवी बसणार नाही, असं वचन त्याने तिच्याकडून घेतलं आणि गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं.

मामांना वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. पण मुलगा परत गेला आणि ताई दिवसेंदिवस मलूल होत गेली. सकाळी उशिरा उठायची, दारात हात मांडीवर ठेवून नुसती बसायची. मामांनी डॉक्टरांचं नाव काढलं, तेव्हा ती चिडली.

“मला काही झालेलं नाही. सकाळी मी काय करू, तेवढं सांग. तण होतं तेव्हा उठायला कारण होतं.”

मामा दिवसभर अस्वस्थ होते. दुसऱ्या सकाळी त्यांनी दाराच्या पायरीलगत, बसल्या जागेवरून हात पोचेल एवढा, एक लांबट तुकडा आखला आणि तिथला पाचोळा, पुठ्ठा, सगळं काढून टाकलं. कुठे फट ठेवायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं, पण ठेवली. पंधरा दिवसांत हरळीने ती जागा हिरवीगार करून टाकली.

आता ताई पायरीवर उशी घेऊन, पाय लांब सोडून बसते आणि एकेक काडी उपटते. परवा ती अशीच बसलेली असताना मुलाचा फोन आला. बागेत तण आहे का, असं त्याने विचारलं. काडीसुद्धा नाही, म्हणून ताईने बिनदिक्कत सांगितलं आणि दुसऱ्या हाताने हरळीच्या जुडीची माती झटकली. मामांनी फोन संपेपर्यंत दम धरला. मग ती जुडी तिच्या हातातून घेऊन बघितली.

“ताई, मुळं आतच राहिलीत.”

“राहू दे,” ताई म्हणाली. “उद्याला काहीतरी नको का?”