अडुळशाच्या रोपाची किंमत

आमचं घर लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात, ड्यूक्स नोजच्या सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. रविवारी दारावरून बरेच ट्रेकर जातात, म्हणून मी परसातल्या गवती चहाची, पुदिन्याची आणि अडुळशाची रोपं पिशव्यांत लावून ओट्यावर मांडली. किंमत मात्र ठरेना. लोणावळ्याच्या नर्सरीएवढी सांगायची लाज वाटे. सासूबाईंना तर विकणंच पटत नव्हतं. "औषधाचं झाड मागंल त्याला द्यायचं असतं," त्या म्हणत.

पहिल्याच रविवारी पुण्याच्या एका बाईंनी अडुळशाचं रोप उचलून भाव विचारला. मी घाईघाईनं म्हणाले, "द्या वीस रुपये."

"विसात परवडतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दारातून सासूबाई बोलल्या, "साठ रुपये. शेणखत मी आणलंय, आन उनाळाभर हिनं हापशावरनं पाणी आणून घातलंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझे कष्ट परक्या माणसासमोर असे कधी बोलून दाखवले नव्हते. माझे डोळे भरून आले. बाईंनी साठ रुपये दिले आणि रोपाला ऊन किती लागतं ते विचारलं. सासूबाई त्यांच्याशी कितीतरी वेळ बोलत बसल्या.

बाई गेल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, तुमाला तर इकायचं नव्हतं ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या, "पर तू वीस म्हनलीस, ते काय मला ऐकवंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोकल्यावर चालणाऱ्या पानओव्याच्या फांद्या तोडून माती भरलेल्या पिशव्यांत खोचत बसल्या होत्या.