पत्र्यावरच्या थापा

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी पिंपरीत एका मोडक्या लष्करी लॉरीत राहत होतो. मालकांनी लिलावात घेतलेली ती लॉरी त्यांच्या किराणा दुकानामागे उभी होती. इंजिन कधीच निघालं होतं, पण मागच्या हौद्याला पत्र्याच्या भिंती आणि छप्पर होतं. सकाळी आगगाडीने पुण्याला कॉलेज, दुपारपासून दुकान. राहायला जागा दिली म्हणून मालकांचे उपकार मी आजही मानतो, पण तेव्हा अंग कायम आंबलेलं असायचं. दुकान उघडण्याआधीच गिऱ्हाइकं चहापूड नाहीतर रॉकेल मागायला लॉरीचा पत्रा वाजवत. मी श्वास रोखून पडून राही आणि ती कंटाळून निघून जात.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तागडी हातात असतानाच मला डुलकी लागली. समोर गावातली एक शेतकरी म्हातारी गुळासाठी उभी होती.

"आजारी हायस का रं?"

"नाही, आजी. उद्या परीक्षा आहे. पहाटेची गाडी गाठायची आणि जवळ घड्याळ नाही. जाग येते की नाही, याचीच धास्ती वाटते."

"आधी गूळ तर दे," ती म्हणाली.

पहाटे पत्रा वाजला. सवयीने मी गप्प राहिलो. थापा वाढल्या.

"सातला या," मी अखेर आतून म्हणालो.

"मला काय बी नकोय. ऊठ, गाडी जाईल तुझी."

मी चपला शोधून बाहेर येईपर्यंत ती पत्रा बडवतच होती. मी किती वेळ गप्प पडून राहू शकतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.