आमच्या बोर्डिंगातला वामन

वाशीमच्या बोर्डिंगात एकत्र राहिलेले आम्ही दोघं-तिघं भेटलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते आणि चहा येईपर्यंत गोष्ट वामनवर येते. किस्से तरी किती साठलेत! काही आम्ही एकमेकांना इतक्यांदा ऐकवलेत, की कोणता कोणी पाहिला तेच आता कळत नाही.

वामन केनवडचा. शेतकऱ्याचा मुलगा आणि अख्ख्या शाळेत पहिला! एकदा भूमिती शिकवताना मास्तरच अडले. खडू तसाच धरून म्हणाले, "वामन, पुढे?" वामननं बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "बरोबर. तुला येतं का ते पाहत होतो!" सगळा वर्ग हसला. वामनला मात्र घाम फुटला होता.

*

ते पहिलेपण त्याला जड जाऊ लागलं होतं. रिठदला एका लग्नात कोणीतरी त्याला मोहाची दारू पाजली. मग बाजाराच्या दिवशी तो एकटाच गायब होऊ लागला.

मी विचारलं, "काहून पेतं बे? तुले काय कमी हाय?"

"पेलो का डोक्यातला मास्तर चूप बसते गड्या."

*

गॅदरिंगला त्याचं इंग्रजी भाषण होतं. पिऊनच उभा राहिला, पण एक शब्द चुकला नाही! टाळ्या पडल्या. बक्षीस द्यायला पाहुणे उठले. वामन पुढे गेला, अदबीनं वाकला आणि शेजारच्या कपाटाला नमस्कार केला!

हॉल हसून लोळला. हेडमास्तर जवळ गेले, तेव्हा त्यांना वास आला. त्यांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं. खिडकीतून दिसलं, वामन कडुनिंबाला टेकून रडत होता.

*

मॅट्रिकला गणिताच्या पेपरात तो बाकावरच झोपला. नापास! वडील बैलगाडी घेऊन आले. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो.

हेडमास्तर म्हणाले, "एवढा हुशार मुलगा, हातचा गेला हो!"

काकाजींनी वामनची ट्रंक उचलली. "मास्तर, तुमचा नंबर गेला असंन. माहा पोरगा हा काय उभा हाय."

*

घरी दारू बंद झाली, तसा वामन तापल्यासारखा पडून राहिला. अन्न पोटात ठरेना. जरा सावरल्यावर आमच्या खोलीतल्या शांतिलालनं त्याला मालेगावला आपल्या वडिलांच्या कापडदुकानात नेलं. पण हाताची थरथर गेली नव्हती. कात्री वाकडी चाले, गिऱ्हाईक भांडे.

शांतिलालचे वडील, शेठजी, म्हणाले, "वाकडं कापड मी इकतो. तू येत जाय."

एका बाजाराला तो पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी आपणच दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "शेठजी, मी काल पेलो."

शेठजींनी मोजायचा गज त्याच्या हातात दिला. "मंग आज नको पिऊ. हे लुगडं मोज."

*

दुकान सांभाळूनच तो पुन्हा मॅट्रिकला बसला. पास झाला, थर्ड क्लासात. काकाजींनी केनवडभर गूळ वाटला. मी त्या दिवशी सोबत होतो. चावडीपाशी एकानं खोचकपणे विचारलं, "काहो, पोरगा पहिला आला काय?"

काकाजींनी त्याच्या तळहातावर गुळाचा मोठासा खडा ठेवला.

"नाही बा. पोरगा वापस आला!"