डावा कान भिंतीकडे

करपलेल्या लसणाचा वास. शेंगदाण्याच्या तेलात काळी पडलेली पाकळी, कोमट धार, ती कानात उतरताना मानेवर येणारा काटा. जळगावच्या त्या दवाखान्यात स्पिरिटचा दर्प भरून राहिला होता. तरीही डॉक्टर माझ्या डाव्या कानाशी वाकले तेव्हा हाच जुना वास आमच्या दोघांमध्ये उभा राहिला. त्यांनी नाक मुरडले.

"कानाला फोडणी कोणी दिली?"

माझा थोरला भाऊ हसला. कंपाउंडर हसला. मी अठ्ठावीस वर्षांची होते. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते, वृत्ते आणि अलंकार समजावून सांगत होते. आणि त्या स्टुलावर मान तिरकी करून बसले होते, बाजारात दात दाखवणाऱ्या जनावरासारखी.

डॉक्टरांनी कान तपासायचा पोलादी काटा कोपरावर आपटून माझ्या कपाळाला टेकवला. नाद निघाला. कपाळाच्या मधोमध जन्मलेला तो नाद उतारावरच्या पाण्यासारखा सगळाच्या सगळा उजवीकडे वाहून गेला. डावीकडे थेंबही नाही. ते सांगायला मी तोंड उघडले. पण डॉक्टर भावाकडे वळले होते.

"शीर मेलीये हिची. लहानपणी गालफुगी झाली असणार. आता काही होत नाही." मग त्यांना सुचले, "कुकरची शिट्टी ऐकू येते ना? मग झालं! बाईमाणसाला एक कान पुष्कळ. सासूचं बोलणं निम्मंच पोचेल."

"लग्नाचंच बघतोय, डॉक्टरसाहेब," भाऊ म्हणाला.

"मग बोभाटा कशाला करता? बघायला आले की डावा कान भिंतीकडे करून बसवा."

हे वाक्य मला नवे नव्हते. मी त्या वाक्यातच वाढले होते.

बोदवडला, नवव्या वर्षी, गाल सुजून उतरले आणि डावीकडचे जग विझले. चिमण्या विझल्या, रहाट विझला, स्टेशनात शिरणारी गाडी अर्धीच शिरू लागली. आईने तेल ओतले. डाव्यात ओतले, उजव्यातही ओतले, न जाणो म्हणून. माझे डोके मांडीवर दाबून ती म्हणायची, "कोनले सांगू नको, माय. एक कान शे ना? बठ्ठं भागी जाई."

सगळे भागत गेले. शाळेत मी डाव्या भिंतीलगतचा बाक धरला. एस.टी.त डावी खिडकी. रस्त्याने चालताना मैत्रिणीच्या डावीकडे. आणि मला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी आई पहाटेच माझा पाट भिंतीला लावून ठेवायची, डावी बाजू भिंतीकडे, आणि पाटाभोवती दाट रांगोळी घालायची. मोराची, वेलबुट्टीची. रांगोळी मोडून पाट कोण सरकवणार? पाहुण्या बायका रांगोळीचे कौतुक करायच्या. तिसऱ्या वेळी मुलाची आत्या गुडघेदुखीने भिंतीला टेकायला आली आणि रांगोळी ओलांडून माझ्या डाव्या अंगाला बसली. तिने काहीतरी विचारले. मी समोर पाहत राहिले. तिने पुन्हा विचारले. मी समोर पाहत राहिले.

"पोर गर्विष्ठ शे," असा निरोप आला. आमच्या घरात त्या निरोपाने हायसे वाटले. गर्विष्ठ चालत होते. बहिरी चालले नसते.

पण दवाखान्यात मी लग्नासाठी आले नव्हते. भावाला तसे वाटत होते, एवढेच. मी आले होते यमुनेसाठी.

यमुना आठवीत होती. पिंपळनेरच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आलेली, धुळ्यात वसतिगृहात राहणारी. आवाज हळू, असा की जणू शब्द बाहेर सोडण्याआधी ती तो हातात धरून पाहते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वर्गाची फरशी बदलली आणि परत आले तेव्हा माझे टेबल शिपायाने दुसऱ्या टोकाला मांडलेले होते. आता सगळा वर्ग माझ्या डाव्या हाताला आला. टेबल जागेवर नेऊन ठेवायला पाच मिनिटे लागली असती. मी ते केले नाही. हलवायचे तर कारण सांगावे लागले असते.

अठ्ठेचाळीस मुली. खणखणीत आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत यायचे. मी हजेरीपटातून मान वर न काढता भराभर नावे वाचायची. जिचे उत्तर आले नाही तिच्या रकान्यात लाल शाईने 'गै'. गैरहजर.

माघ सरता सरता यमुनेचे वडील पहिल्या गाडीने आले. हजेरी कमी म्हणून वसतिगृहातली जागा काढून घेणार, असे पत्र त्यांच्या हातात होते. शाळेच्या पडवीत चपला काढून ते उभे राहिले. यमुना त्यांच्या मागे. मी काय केले? मी आवाज चढवला.

"वर्गाला दांड्या मारायच्या आणि वर बापाला घेऊन यायचं?"

"पोर खोटं बोलत नाही, बाई," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्या पायांवर होती.

"बाई, मी रोज म्हणते," यमुना म्हणाली. ती माझ्या उजवीकडे उभी होती. म्हणून ऐकू आले.

ते वाक्य मला कळायला त्या पडवीत किती वेळ गेला, सांगता येत नाही. घंटा झाली, मुली धावत गेल्या, कोणाच्या तरी डब्यातल्या मेथीचा वास आला. ती रोज म्हणत होती. मी रोज तिला पुसत होते. एकदाही मान वर करून पाहिले नव्हते. आईने माझ्याभोवती घातलेली रांगोळी मी आता दुसऱ्याच्या मुलीच्या अंगावरून ओढत नेली होती.

त्याच शनिवारी मी जळगावची गाडी धरली.

तर, "भिंतीकडे बसवा" ऐकून आम्ही बाहेर आलो. भाऊ खालच्या दुकानात औषध आणायला गेला. कसले औषध, देव जाणे. मी बाकावर टेकले. सवयीने डावा कान भिंतीकडे केला. त्यामुळे उजवा कान तपासणीच्या खोलीच्या हिरव्या पडद्याला लागला.

आत एक शेटजी गेले होते. कापसाचे व्यापारी. त्यांचाही एक कान गेलेला, एका सकाळी उठले तो गेलेला. आणि डॉक्टरांचा आवाज बदलला. आवाजाला खुर्ची आली, चहा आला.

"मेलेली शीर परत येत नाही, शेटजी. ऑपरेशनचा उपयोग नाही. त्या कानाला नुसतं यंत्र लावूनही उपयोग नाही. पण वाट आहे. मेलेल्या कानामागे एक डबी बसवायची, ती त्या बाजूचा आवाज पकडते. मानेमागून वायर. चांगल्या कानामागे दुसरी डबी. तिकडचं बोलणं इकडच्या कानात. मुंबईहून मागवावं लागतं. आवाज कुठून आला ते कळणार नाही, गर्दीत गोंगाट वाढेल, सवयीला वेळ लागेल. नको असेल तर बैठकीत जागा निवडून बसा, लोकांना सरळ सांगा या बाजूनं बोला म्हणून. आणि काहीही करा, चांगला कान जपा. तेल नाही, काडी नाही. सर्दी अंगावर काढू नका. वर्षातून एकदा तपासायला या."

मी उजवा कान तळहाताने झाकला. आजवर कुणी मला म्हटले नव्हते की हा जपण्याची वस्तू आहे. यातही तेल गेले होते. वर्षानुवर्षे.

तोच आजार. तीच सकाळ. तोच काटा, पुसून पुन्हा वापरलेला. त्यांना वाटा मिळाल्या. मला कुकर मिळाला.

मी उठले. पडदा बाजूला केला. शेटजी दचकले, बिचारे.

"हे मला का नाही सांगितलं?"

औषधाची पुडी घेऊन भाऊ दारात पोचला होता, त्याच्याकडे बघून डॉक्टर हसले. "घ्या. तुमच्या बहिणीचा कान चांगलाच तिखट आहे!" मग माझ्याकडे, समजावणीच्या सुरात, "शेटजींना चारचौघांत बसावं लागतं. व्यवहार असतो. तुमचं काय अडलंय?"

"माझ्या डाव्या हाताला अठ्ठेचाळीस मुली बसतात," मी म्हणाले. "लिहून द्या."

"चल गं," भावाने दंड धरला. तो डावीकडून आणखी काही बोलत होता. मी वळले नाही.

"लिहून द्या, डॉक्टर."

त्यांनी लिहिले. अक्षर रागाचे होते, पण लिहिले.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. आठवीच्या हजेरीपटातील यमुनेच्या सर्व गैरहजेऱ्या माझ्या दोषामुळे लागल्या आहेत. त्या माझ्या सहीने रद्द कराव्यात आणि वसतिगृहास तसे कळवावे.

सरांनी चष्मा काढला. "बाई, कायम व्हायला दोन महिने राहिलेत तुमचे. हळूच खोडून दुरुस्त करून टाका ना. कारण कशाला लिहिता?"

"कारण न लिहिता खोडलं तर ती खोटारडी ठरेल, सर."

"आणि लिहिलं तर तुम्ही बहिऱ्या ठराल."

"मी आहेच."

यमुनेची जागा राहिली. माझे कायम होणे वर्षभर लांबले. शरीराची योग्यता पुन्हा तपासावी, असा शेरा आला. आईने महिनाभर माझ्याशी बोलणे टाकले. भावाने विचारले, आता तुला करणार कोण? मी उत्तर दिले नाही. ऐकू आले होते.

यंत्र आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. कान परत आला नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. डावीकडून आलेला शब्द उजवीकडेच उगवतो, पंख्याच्या घरघरीत भिजलेला, पत्र्याच्या डब्यातून काढल्यासारखा. पहिल्या दिवशी डोके दुखून मी रडले.

"वायर पदराखाली घ्या," सर म्हणाले. काळजीनेच म्हणाले. मी त्या दिवसापासून अंबाडा उंच बांधते. वायर मानेवर उघडी असते. ज्याला पाहायची त्याने पाहावी.

वर्गात गेले. टेबल होते तिथेच राहू दिले. भिंतीचा आसरा आता मला नको होता. मुली वायरकडे टक लावून होत्या.

"माझा डावा कान मेलेला आहे," मी म्हणाले. "हे यंत्रही चुकेल. मला ऐकू आलं नाही, तर तुम्ही गप्प बसायचं नाही. उठायचं, समोर यायचं, पुन्हा म्हणायचं. ऐकेपर्यंत म्हणायचं. माझ्यापुढेही, आणि दुसऱ्या कुणापुढेही."

हजेरी घेतली. प्रत्येक नावाला मान वर केली. यमुनेचे नाव आले तेव्हा ती बाकावरून उठली, चालत आली आणि टेबलाशी माझ्या डाव्या अंगाला उभी राहिली. मुद्दाम डाव्या. तिच्या डोळ्यांत क्षमा नव्हती. ती मला पारखत होती. मी पेन खाली ठेवले आणि थांबले.

"हजर."